कधीतरी लागणारी वस्तू प्रत्येक घरात कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी तुमचा पेपर उचलला की आतून तीन-चार गुळगुळीत पत्रकं खाली पडतात. दसरा-दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की त्या पत्रकांची पुस्तिकाच होते, रंगीत, जाड, आणि त्यात फ्रीज-टीव्हीपेक्षा बाकीच्याच वस्तू जास्त असतात, म्हणजे एअर फ्रायर, सँडविच मेकर, रोटी मेकर, अंडी उकडायचं यंत्र, पायांना मसाज करायचं यंत्र, हातात धरायचा व्हॅक्युम क्लीनर, आणि यातलं काहीही घेतलं की वर दोरी ओढायचा चॉपर फ्री. आता ही पत्रकं तुमच्या ऑफिसात घातली जात नाहीत, पहाटे विक्रेते पेपर लावताना घालतात आणि त्यात त्यांना चार पैसे सुटतात हे मला माहितीये, त्यामुळे ती बंद करा असं काही मी म्हणणार नाहीये. माझं म्हणणं त्या वस्तूंबद्दल आहे. त्या घरात यायला शंभर वाटा आहेत, घरातून बाहेर जायला एकही धड नाही, आणि मुळात त्यातल्या अर्ध्याअधिक वस्तू प्रत्येक घरात असायची गरजच नाही.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, बहीण नेरुळला सिडकोच्या जुन्या घरात, नात्यातली बाकी मंडळी घोडबंदर रोड, घणसोली, खारघर अशी पसरलेली, त्यामुळे दोन्ही शहरांतली घरं आतून बघितलेली आहेत. सगळीकडे तेच. बेड उचलला की खाली खोके, माळा असेल तर माळ्यावर खोके, माळा नसेल तर बाल्कनीला ग्रिल ठोकून तिथे खोके, आणि खोक्यात थर्माकोलसकट वस्तू कारण "वॉरंटीला खोका लागतो" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वॉरंटीला बहुतेक ठिकाणी बिल लागतं, खोका वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत ठेवला की झालं, नंतर सरळ रद्दीत द्यावा. पण हे विकताना कुणी सांगत नाही आणि मग खोकाही घरातच राहतो.

जरा जागेचा हिशेब करून बघा. खोक्यासकट एअर फ्रायर साधारण दीड फूट बाय दीड फूट जागा खातो, म्हणजे सव्वादोन स्क्वेअर फूट. घराच्या कार्पेट एरियाचा भाव स्क्वेअर फुटाला समजा १५,००० धरला (ज्याने त्याने आपापल्या एरियाचा भाव घालून बघावा) तर जवळजवळ ३४,००० रुपयांची जागा त्या एका खोक्याने अडवली. वस्तू पाच-सहा हजारांची. असे दहा खोके धरले तर एका माणसाची झोपायची जागा गेली, आणि त्या जागेचा हप्ता आपण पंधरा-वीस वर्षं बँकेला भरतोय. वन बीएचकेमध्ये मुलाला अभ्यासाला टेबल टाकायला जागा नाही म्हणून तो बेडवर बसून अभ्यास करतो आणि त्याच बेडच्या पोटात बंद पडलेला ज्युसर, हे मी एका नाही, कितीतरी घरांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

यंत्रांशी माझं काही वैर नाही हे आधीच सांगते. कुकर, मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन यांनी आमच्या पिढीच्या बायकांचे हात वाचवले, आमच्या आयांनी पाट्यावर वाटलंय आणि दगडावर कपडे आपटलेत, त्यांचे खांदे आणि मनगटं कशी झाली होती ते आम्ही बघितलंय. रोज चालणारं यंत्र घरात हवंच. प्रश्न आहे तो वर्षातून दोनदा चालणाऱ्या यंत्राचा.

एअर फ्रायरचंच घ्या कारण सध्या सगळीकडे तोच आहे. आत एक कॉइल तापते आणि वरचा पंखा ती गरम हवा पदार्थाभोवती जोरात फिरवतो, बस. त्यात तळलं जात नाही, भाजलं जातं. म्हणजे ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह किंवा पंखा असलेला ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आधीपासून आहे त्यांच्याकडे हेच यंत्र जरा मोठ्या आकारात आहेच की. दोन माणसांच्या घरात, जिथे तो रोज वापरला जातो, तिथे एअर फ्रायर मोठ्या ओव्हनपेक्षा लवकर तापतो आणि वीज कमी लागते हेही खरं आहे, अशा घराने जरूर घ्यावा. पण सहा माणसांच्या घरात त्या छोट्या टोपलीत वडे चार-चार करून कोण लावत बसणार. रोटी मेकरचं तसंच, त्याला कणीक नेहमीपेक्षा सैल लागते, गोळा बरोबर जागेवर ठेवावा लागतो, कधी दाबायचं आणि कधी उघडायचं ते जमावं लागतं, आणि जिचा हात पोळ्यांवर बसलेला आहे तिला लाटणं घेऊन ते आधी उरकतं. मग रोटी मेकर माळ्यावर. आणि तो फ्रीमध्ये आलेला चॉपर, त्याची नायलॉनची दोरी तुटली की विषय संपला, ती दोरी आमच्या इथे कुठल्या दुकानात सुटी मिळत नाही. विळी मात्र तशीच आहे, धार लावली की परत चालू.

हे सगळं कधीपासून चाललंय ते आठवून बघितलं तर प्रत्येक वेळी विकणारा एक पाऊल आणखी आत आलाय. युरेका फोर्ब्स १९८२ ला सुरू झाली आणि मग टाय लावलेले सेल्समन व्हॅक्युम क्लीनर घेऊन दारात यायला लागले, हॉलमध्ये डेमो द्यायचे. ते निदान दारातून परत तरी पाठवता यायचे. नव्वदच्या दशकात केबल आली आणि त्याच्यामागून दुपारच्या वेळेला टेलिशॉपिंग आलं, पोट कमी करायचा पट्टा, कुठेही घडी करून ठेवा असं सांगून विकलेली व्यायामाची यंत्रं. मग कॅटलॉग आले. ओरिफ्लेम १९९५, टपरवेअर १९९६, ॲमवे १९९८, असं लागोपाठ, आणि बिल्डिंगमधलीच कुणीतरी वहिनी कॅटलॉग घेऊन घरी यायला लागली. त्या वहिन्यांना मी अजिबात नावं ठेवणार नाही, कितीतरी घरांत बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा म्हणून जो पैसा आला तो त्या कॅटलॉगमुळे, आणि डबे तर चांगलेच टिकले. पण शेजारणीला नाही कसं म्हणायचं म्हणून लोक काहीतरी घ्यायचेच आणि ते काहीतरी घरात साठत गेलं.

आताचा कॅटलॉग मोबाईलमध्ये आहे आणि त्याला शेवटचं पानच नाही. अमुक रुपयांच्या वर घेतलं तर डिलिव्हरी फ्री, म्हणून तीनशेची गरज असते तिथे दोनशेचं काहीतरी वर टाकलं जातं, ते वर टाकलेलं काय होतं ते आठवडाभराने आठवतही नाही. "फक्त २ शिल्लक", "ऑफर १० मिनिटांत संपणार", असं दाखवून घाई करायची. यावर कायद्यात सोय झालीय हे फार थोड्या लोकांना माहिती आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सबद्दल, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ युक्त्या नावानिशी दिल्यात, खोटी घाई दाखवणं, न विचारता बास्केटमध्ये भलतंच काही टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं, हे सगळं त्यात येतं आणि त्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. हप्त्याचंही बघा, शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना खडसावलं होतं की असं बिनव्याजी काही नसतं, तरी नो कॉस्ट ईएमआय म्हटलं की दहा हजारांची वस्तू माणसाला हजाराची वाटते.

आणि सगळंच आपण स्वतः आणतो असंही नाही, बरंचसं आपल्याला दिलं जातं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक ठिकाणी वाण. दहा-बारा घरी जाऊन आलं की प्लास्टिकची गाळणी, साबणाची डबी, चमचा ठेवायचं स्टँड, मोबाईल ठेवायचं स्टँड, अशी पिशवी भरते, आणि ज्या बाईने ते घेतलं तिनेही होलसेलमध्ये पन्नास नग घेतलेले असतात त्यातले उरलेले तिच्याकडे. आमच्या भिशीतल्या बायकांनी यंदापासून वाण म्हणून गूळ, तीळ, शेंगदाणे, फार तर तुळशीचं रोप असं ठरवलंय, म्हणजे खाऊन संपेल नाहीतर वाढेल. लग्नपत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापायची पद्धत आपल्याकडे चांगली रुळलीय पण वास्तुशांतीला, बारशाला, ऑफिसच्या दिवाळी गिफ्टला ती अजून पोचली नाही. वास्तुशांतीत आलेले इलेक्ट्रिक केटल मोजले तर त्या घरात पाहुण्यांपेक्षा केटल जास्त निघतील.

हे एवढं तळमळीने लिहायचं कारण सांगते. आमच्या शेजारच्या विंगमधले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, रात्री बाथरूमला उठले आणि पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवलेल्या फूट मसाजरच्या वायरीत पाय अडकून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मसाजर त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठीच प्रेमाने आणला होता, चार दिवस वापरला, मग ठेवायला जागा नाही म्हणून पॅसेजमध्ये. रोज संध्याकाळी उपवनला तलावाकाठी फेरी मारणारा माणूस वॉकर धरून हॉल ते खिडकी एवढाच चालायला लागला. म्हाताऱ्या माणसाच्या घरात चालायची वाट मोकळी असणं ही औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे, हे डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो आणि घरी येऊन त्याच वाटेत आणखी एक खोका ठेवतो.

घरात मावेनासं झालं की सामान जिन्यात येतं. फ्लॅटबाहेर चपलांचं कपाट, त्याच्यावर जुना मायक्रोवेव्ह, मधल्या लँडिंगवर ट्रेडमिल, फायरच्या डक्टमध्ये खोके. महाराष्ट्रात आगीपासून बचावाचा २००६ चा कायदा आहे आणि त्याखाली सोसायट्या दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी देतात, तो फॉर्म भरून झाला की परत जिन्यात तेच सामान. धुराने भरलेल्या जिन्यात अंधारात लहान पोराला घेऊन उतरायची वेळ आली तर त्या ट्रेडमिलवर काय होईल याचा विचार प्रत्येक कमिटीने आजच करावा.

आता उपाय. मला वाटतं तो आपल्याला आधीपासून माहिती आहे. कोकणात माझ्या माहेरी वाडीची भांडी असायची, मोठे टोप, पराती, झारे, वगराळी, ती कुणा एका घराची नव्हती, वाडीने वर्गणी काढून घेतलेली. लग्नकार्य असलं की वहीत लिहून मोजून न्यायची, घासून मोजून परत आणायची. शंभर पानांचा भात शिजेल एवढा टोप प्रत्येक घराने घ्यायचा हा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात आला नसता. जुन्या बिल्डिंगींमध्ये पुरणयंत्र आणि चकलीचा सोऱ्या शेजारून आणायचा हे तर आपण सगळ्यांनीच केलंय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, म्हणजे एक पुस्तक शंभर घरांनी वाचायचं असतं हे या गावाला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. आणि त्या आजोबांचा वॉकर आला कुठून, तर रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या एका संस्थेकडून, डिपॉझिट ठेवून. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड अशा वस्तू देणाऱ्या संस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ ठाण्यातही आहेत, नवी मुंबईतही आहेत, गरज संपली की वस्तू परत जाते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते. व्हीलचेअरला जे चालतं ते व्हॅक्युम क्लीनरला का चालू नये?

आमच्या सोसायटीत आम्ही हे सुरू केलंय. ऑफिसमध्ये जुनं लोखंडी कपाट पडून होतं ते रिकामं केलं. सुरुवात ड्रिल मशीनपासून झाली, कारण पडद्याचा रॉड लावायचा, एखादी फ्रेम लावायची, याच्यापलीकडे ते कुणाच्याच घरी चालत नाही आणि तरी बऱ्याच घरांत होतं. मग शिडी आली, व्हॅक्युम क्लीनर आला, मोठं इडलीपात्र, सोऱ्या सगळ्या चकत्यांसकट, लांब वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड, प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा, शिलाई मशीन, हवेची गादी आणि तिचा पंप. वस्तू ज्याची त्याचीच राहते, खाली त्याचं नाव चिकटवलेलं असतं आणि त्याला हवी तेव्हा तो परत नेऊ शकतो. या एका नियमामुळे लोक द्यायला तयार झाले, नाहीतर कायमची देऊन टाका म्हटलं की माणसाचा हात अडतो. नेताना रजिस्टरमध्ये सही, थोडं डिपॉझिट, आणताना पुसून आणायचं, आणि मोडलं तर दुरुस्त करून आणायचं.

अडचणी आल्या, त्याही सांगते कारण दुसऱ्या सोसायट्यांना उपयोगी पडतील. पहिली शाकाहारी-मांसाहारीची. ज्या ओव्हनमध्ये कुणी चिकन केलंय तो काही घरांना चालत नाही आणि यावर वाद घालून कुणाचं मन बदलत नाही, तेव्हा स्वयंपाकाच्या वस्तूंना आम्ही हिरवी आणि लाल टेप लावली आणि ज्यांना नकोच वाटतं त्यांनी फक्त ड्रिल आणि शिडी न्यावी, विषय मिटला. दुसरी अडचण म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी तेच हवं असतं. दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी सोऱ्या आणि व्हॅक्युम क्लीनरसाठी नुसती झुंबड, मग ग्रुपवर नंबर लावायला लागलो आणि काही घरांनी चकल्या एकत्रच करायला घेतल्या, एकीने भाजणी मळायची, एकीने पाडायच्या, एकीने तळायच्या. तिसरी विजेची. ओटीजी, गिझरसारख्या जास्त वॅटच्या वस्तूला जाड पिनांचा १६ अँपियरचा प्लग असतो तो लोक कन्व्हर्टर लावून साध्या सॉकेटमध्ये घालतात आणि सॉकेट जळतं, तेव्हा अशा वस्तूवर तशी चिठ्ठी लावणं भाग आहे. कपाट आलं म्हणून लोकांनी विकत घ्यायचं बंद केलं असं नाही. पण आता कुणी काही घेणार असेल तर आधी ग्रुपवर विचारतं, "कुणाकडे आहे का, दोन दिवस वापरून बघायचंय", आणि दोन दिवस वापरून झाल्यावर बरेच जण घेत नाहीत.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काय करते तर शेजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची यादी आधी लिहून देतात आणि मग माल येतो. आधी आपली यादी, मग खरेदी. कॅटलॉगचं बरोबर उलटं असतं, आधी त्यांची यादी आणि मग आपली गरज.

दुरुस्तीचंही बोलायला हवं कारण निम्म्या वस्तू अडगळीत जातात त्या किरकोळ बिघाडामुळे. मिक्सरचं भांडं नुसतं खडखडतं आणि आतलं पातं फिरत नाही तेव्हा बहुतेक वेळा खालचा कप्लर गेलेला असतो, तो मुद्दामच रबराचा किंवा प्लॅस्टिकचा ठेवतात म्हणजे जोर आला की आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी. थोडक्या पैशांची वस्तू आहे. मिक्सर एकदम बंद पडला तर खाली लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, गार झाल्यावर ते दाबलं की परत सुरू होतो, आणि मोटरमधून जास्तच ठिणग्या उडायला लागल्या की कार्बन ब्रश झिजलेले असतात, तेही बदलून मिळतात. हे सगळं मला आमच्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी दाखवलं, त्यांच्या टपरीत भिंतभर कप्लर टांगलेले आहेत, काळे, लाल, सहा दात्यांचे, आठ दात्यांचे, आणि भांडं हातात घेतल्या घेतल्या ते कुठला लागेल ते सांगतात. त्यांचं म्हणणं असं की जुन्या मिक्सरचे स्पेअर डोळे झाकून मिळतात, नव्या छोट्या गॅजेटचे मिळत नाहीत, काहींना तर उघडायला स्क्रूच नसतो, सगळं चिकटवलेलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि स्पेअर कुठे मिळतील ते तिथे द्यावं म्हणून. मोबाईल, गाड्या, शेतीची अवजारं आणि घरातली टिकाऊ उपकरणं असे चार भाग त्यात आहेत. माझी विनंती आहे की घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, याचा स्पेअर मिळतो का आणि ठाण्यात कोण दुरुस्त करतं. उत्तर गोलमोल आलं तर पाकीट परत खिशात.

जे दुरुस्त होत नाही ते मात्र नीट जायला हवं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, आधी २१ प्रकारच्या वस्तू होत्या आता १०६ आहेत, घरातली छोटी-मोठी विजेची यंत्रं त्यात आली. उत्पादकांना रिसायकलिंगचं टक्केवारीचं टार्गेट दिलंय, २०२५-२६ साठी ते ७० टक्के आहे, आणि ते नोंदणी झालेल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेऊन पुरं करता येतं. कागदावर हे चांगलंच आहे पण चौथ्या मजल्यावरच्या बाईच्या हातातला बंद सँडविच मेकर त्या रिसायकलरपर्यंत कसा पोचणार हा प्रश्न तिथेच राहतो. ती तो भंगारवाल्याला देते. भंगारवाल्याला तांबं हवं असतं, पुढे कुठेतरी वायरी उघड्यावर जाळून तांबं काढलं जातं आणि तो प्लॅस्टिकचा धूर कुणाच्या तरी पोरांच्या नाकात जातो. दिवा गावाजवळच्या डंपिंग ग्राउंडमुळे तिथल्या लोकांनी आपल्या ठाण्याच्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षं खाल्लाय, ते आपण विसरता कामा नये. चार्जिंगच्या वस्तू तर आणखी धोक्याच्या, ट्रिमर, छोटे पंखे, मसाज गन यांच्यातली लिथियमची बॅटरी वर्षभर पडून राहिली की फुगू शकते, आणि ती सुक्या कचऱ्यात टाकली आणि गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. पावसाळा संपला की प्रत्येकाने अशा वस्तू एकदा काढून बघाव्यात आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज न करता वेगळी ठेवावी.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना माझी हात जोडून विनंती आहे की ई-कचरा घ्यायचा दिवस ठरवून टाका, महिन्यातला एक रविवार, प्रत्येक प्रभाग समितीत, घंटागाडीसारखा न चुकता. कधीतरी मोहीम आली की लोकांना ती आदल्या दिवशी कळते किंवा होऊन गेल्यावर कळते, पण पहिला रविवार म्हणजे ई-कचऱ्याचा असं एकदा डोक्यात बसलं की पोरंसोरंसुद्धा आठवण करतील. भंगारवाल्यांनाही यात घ्या, त्यांच्याइतकं घराघरात कुणी पोचत नाही. चांगल्या चालू वस्तू मात्र त्यात जाऊ देऊ नका, त्यासाठी शेजारीच एक टेबल ठेवा, ज्याला हवी त्याने न्यावी.

आणि आता तुमच्याकडे मागणं, जे सुरुवातीला राहिलं. रविवारच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक छोटी चौकट द्या. त्यात तीनच गोष्टी: कुणाकडे चालू स्थितीतली वस्तू द्यायची आहे, कुणाला काय थोड्या दिवसांसाठी हवंय, आणि कुठल्या नाक्यावर काय दुरुस्त होतं. नावं-नंबर छापायला नको, लोक पत्राने किंवा ईमेलने तुम्हाला कळवतील आणि तुम्ही जोडून द्याल, पूर्वी वाचकांच्या पत्रव्यवहारात पेपर हे करायचेच. जागा कमी असेल तर आठ ओळी पुरतील. पहिल्या चौकटीसाठी मजकूर आमच्याकडून घ्या: आमच्या सोसायटीच्या कपाटात दोन व्हॅक्युम क्लीनर आणि दोन सँडविच मेकर जादा झालेत, चारही चालू आहेत, कपाट सुरू करणाऱ्या कुठल्याही सोसायटीने घेऊन जावेत, आणि आम्हाला मोठ्या चाळणीचं पुरणयंत्र हवंय, होळीच्या आधी मिळालं तर बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक,
वर्तकनगर, ठाणे